पट्ट्यावर दोघांची नावे

1992-93 च्या बालमृत्यूंमुळे जव्हार तालुक्यातल्या वावर-वांगणीचे नाव राज्यभर पोचले. तेव्हापासून जव्हार-मोखाड्याचा विषय निघाला की कुपोषणावर बोलले जाते; कमावते माणूस गेले तर मागे राहिलेल्या लेकरांचे काय, हे क्वचितच कुणी विचारते. त्यामागे एक समज घट्ट बसला आहे: विमा आणि वारसा ही इस्टेटवाल्यांची कामे, इथे वाटायला आहे तरी काय? माझे मत नेमके उलटे आहे. पाच ठिकाणी पैसा असलेल्याचा एक कागद अडला तरी त्याची चूल पेटते. भात-नागलीचा एक तुकडा आणि दिवाळीनंतर नवरा-बायकोने वीटभट्टीवर केलेली मजुरी, एवढ्यावर चालणाऱ्या घराचा एक कागद अडला की सगळेच अडते.

वनपट्ट्याचेच घ्या. पट्टा घरधन्याचा, तो गेला की संपला, असे पुष्कळांना वाटते. 2006 च्या वनहक्क कायद्याचे कलम 4(4) सांगते की हा हक्क विकता येत नाही, पण वारसांकडे जातो. आणि धारक विवाहित असेल तर पट्टा पती-पत्नी दोघांच्या नावाने नोंदवायचा असतो. म्हणून पेटीतला पट्टा बाहेर काढून बायकोचे नाव आहे का आणि ते आधारवरच्या नावाशी जुळते का, हे दोघांनी हयातीतच पाहावे. सातबाऱ्याच्या जमिनीवरही वारसाचे नाव आपोआप चढत नाही, तलाठ्याकडे वारस नोंदीसाठी जावे लागते. आमच्यात तंटे नाहीत, मग कागद कशाला, असे कुणी म्हणेल. पण 1956 चा हिंदू वारसा कायदा अनुसूचित जमातींना लागू नाही. तिथे रूढी चालते, आणि रूढी काय आहे यावरच भांडण होते. छत्तीसगडच्या एका गोंड कुटुंबात असेच झाले. स्त्रियांना वगळणारी रूढी सिद्ध झाली नाही, म्हणून 17 जुलै 2025 रोजी सर्वोच्च न्यायालयाने त्या घरातल्या स्त्रीच्या वारसांना समान वाटा दिला. तोवर खटल्याची किती वर्षे गेली!

नॉमिनी म्हणजे मालक, हा समज शहरातही आहे. ‘कालनिर्णय’चे संस्थापक जयंत साळगावकर यांच्या कुटुंबातला वाद सर्वोच्च न्यायालयात गेला आणि डिसेंबर 2023 मध्ये निकाल लागला: शेअर्सचा नॉमिनी फक्त ते ताब्यात घेतो, मालकी वारसाहक्काने ठरते. बँक खात्याचेही तसेच. लग्नाआधी खाते उघडताना भावाचे नाव लावले असेल, तर आता बदलून घ्या.

विम्याचे पैसे बुडतात, ही तक्रार खरी वाटते, कारण जगला त्याला काही परत मिळत नाही. पण प्रधानमंत्री जीवनज्योती विमा योजनेचे वर्षाचे 436 रुपये ही बचत नव्हेच, 2 लाखांच्या आधाराची ती किंमत आहे. 18 ते 50 वयात नाव घालता येते. हप्ता मेअखेरीस खात्यातून कापला जातो. भट्टीवरून परतलेल्या घराचे खाते तेव्हा रिकामे असेल तर संरक्षण तुटते. पुन्हा नाव घातल्यावर पहिले 30 दिवस अपघाताखेरीज कुठल्याही कारणाने मृत्यू आला तर दावा मिळत नाही. प्रधानमंत्री सुरक्षा विमा वर्षाला 20 रुपयांचा, फक्त अपघाताचा. साप चावून किंवा झाडावरून पडून गेलेल्याचाही त्यात दावा होतो, मात्र कारण सांगणारी दवाखान्यातली नोंद लागते. म्हणून साप चावला की आधी दवाखाना गाठायचा. जीव वाचण्याची आशा तिथेच असते, आणि नाहीच वाचला तर लेकरांच्या हातात तो केसपेपर तरी राहतो.