दादा म्हणाले, माल कुठे भरलास?

गेल्या उन्हाळ्याच्या सुट्टीत आमच्या घरात एक जहाज दोनदा बुडालं. दोन्ही वेळा संगणकाच्या पडद्यावर, आणि दोन्ही वेळा भर दुपारी, घरातले सगळे जेवून आडवे झाले असताना.

मुलगा इंजिनीअरिंगच्या पहिल्या वर्षाची परीक्षा देऊन घरी आला होता. सकाळ-संध्याकाळ त्या यंत्रासमोर बसलेला. कोणत्याही आईला येईल तोच राग मला आला. "खेळच चाललाय ना?" मी विचारलं. "खेळ नाही अम्मी, सिम्युलेटर आहे," तो मान न वळवता म्हणाला.

वैमानिकाला आकाशात नेण्याआधी जमिनीवरच्या नकली विमानात बसवून शिकवतात, हे आपण ऐकलेलं असतं. शिडाच्या जहाजांचेही तसेच सिम्युलेटर आहेत. त्यातलं पाणी, वारा, लाटा हिशेबाने चालतात. हौशी माणसं स्वतःचं जहाज बनवून त्या पाण्यात उतरवतात. मुलाला बनवायचं होतं अकराशे-बाराशे वर्षांपूर्वीचं एक अरबी पद्धतीचं जहाज. त्यात एकही खिळा नाही, सगळ्या फळ्या काथ्याच्या दोरीने शिवलेल्या.

हे जहाज खरंच होतं. १९९८ साली इंडोनेशियातल्या बेलितुंग बेटाजवळ पाणबुड्यांना त्याचे अवशेष सापडले. आत चिनी मातीची सुमारे साठ हजार भांडी होती. एका वाडग्यावर इ. स. ८२६ हे वर्ष दाखवणारी चिनी तारीख कोरलेली होती, त्यावरून जहाजाचा काळ ठरला. वाडगे मोठ्या रांजणांत गोलाकार रचून भरले होते, आपण माहेरहून येताना काचेच्या बरण्या कपड्यांत गुंडाळून आणतो तशा काळजीने. आज तो माल सिंगापूरच्या आशियाई संस्कृती संग्रहालयात आहे. जहाज चीनहून पश्चिमेकडे निघालं असावं. ते घरी पोहोचलं नाही.

आता अडचण अशी की या जहाजाचा नकाशाच नाही. त्या काळी बांधणारे मिस्त्री कागदावर काही काढत नव्हते, माप त्यांच्या डोळ्यात आणि हातात असे. समुद्राच्या तळाशी लाकडाचा काही भाग उरला, वरचा भाग, शीड, डोलकाठी सगळं गेलेलं. उरलेलं अंदाजाने भरायचं.

असा अंदाज यापूर्वी मोठ्या माणसांनीही बांधला आहे. ब्रिटिश दर्यावर्दी टिम सेव्हरिन यांनी ओमानमध्ये 'सोहार' नावाचं शिवलेलं जहाज बांधून घेतलं आणि नोव्हेंबर १९८० मध्ये निघून जुलै १९८१ मध्ये ते चीनच्या ग्वांगझू बंदरात, म्हणजे जुन्या कँटनला नेलं. त्याला तिरकी त्रिकोणी शिडं होती. पुढे बेलितुंगच्या अवशेषांवरून ओमानमध्येच 'ज्युएल ऑफ मस्कत' बांधलं गेलं. लांबी सुमारे १८ मीटर, रुंदी सुमारे साडेसहा मीटर. त्याला चौकोनी शिडं लावली. फेब्रुवारी २०१० मध्ये ते मस्कतहून निघालं, कोची आणि श्रीलंकेमार्गे जुलैमध्ये सिंगापूरला पोहोचलं. एकाच परंपरेचं जहाज, पण जाणकारांनी शिडं मात्र दोन तऱ्हेची ठरवली. आपल्याकडेही अजिंठ्याच्या लेण्यातल्या पाचव्या शतकातल्या एका चित्रावरून नौदलाने गोव्यात 'कौंडिण्य' हे शिवलेलं जहाज बांधून घेतलं. चित्रातून रुंदी-खोली कशी कळणार? म्हणून मद्रास आयआयटीत लहान प्रतिकृती पाण्यात तपासली गेली. मे २०२५ मध्ये ते कारवारला नौदलात दाखल झालं.

मुलाने 'ज्युएल'ची मापं आधाराला घेतली. ब्लेंडर नावाचं फुकट मिळणारं सॉफ्टवेअर आहे, त्यात आधी जहाजाचे आडवे काप काढले. भोपळ्याच्या फोडी कराव्यात तसे, नाळेपासून मागच्या टोकापर्यंत. मग त्या कापांवर फळ्यांची कातडी चढवली. पहिल्या उत्साहात त्याने प्रत्येक टाका वेगळा घडवला. हजारो टाके! पडद्यावर चित्र सेकंदाला तीस-चाळीस वेळा नव्याने रेखावं लागतं, त्यामुळे यंत्राने मानच टाकली. शेवटी जवळून दिसणारे थोडेच टाके खरे ठेवले, बाकीचे फळीवर चित्रासारखे चिकटवले. पाण्याच्या रेषेखाली चुना आणि चरबीच्या लेपाचा पांढुरका रंग दिला. फारच देखणं दिसत होतं, हे मलाही कबूल करावं लागलं.

पाण्यात सोडलं, वारा सोडला, आणि जहाज कुशीवर वळून बुडालं.

माझे सासरे, आमचे अब्बा, तरुणपणी फत्तेमारीवर होते. आधी खलाशी, मग तांडेल. मलबारहून कौलं घेऊन मुंबईला यायचे. आता वय ब्याऐंशी, गुडघे गेलेले, किनारा दोन किलोमीटरवर असूनही तिथे जाणं सुटलेलं. नातवाची हळहळ ऐकून ते काठी टेकत आले, चष्मा पुसून पडद्याकडे बघत राहिले. म्हणाले, "माल कुठे भरलास?"

माल भरलाच नव्हता. जहाज बाहेरून हुबेहूब होतं, आतून पोकळ.

मग दोघांनी वजनाचा हिशेब मांडला. अवशेषांत तळाला शिशाच्या सुमारे दहा टन लगडी सापडल्या आहेत. "हे नीरम," दादा नातवाला म्हणाले. जहाज ताठ राहावं म्हणून तळाशी भरतात ते वजन. माझ्या स्वयंपाकघरातला चिनी मातीचा वाडगा काट्यावर चढला. एकाचं वजन ४०० ग्रॅम धरलं तर साठ हजारांचे झाले २४ टन. त्यात लाकूड, दोरखंड, पिण्याचं पाणी, माणसं. समुद्राच्या पाण्याचं वजन घनमीटरला १.०२५ टन, जहाज स्वतःच्या एकूण वजनाइतकं पाणी बाजूला सारेल तेवढंच खोल बसतं. त्यावरून पाण्याची रेषा कुठे येईल ते ठरवलं. ती आधी रंगवलेल्या रेषेपेक्षा हातभर वर निघाली, रंगकाम पुन्हा करावं लागलं.

या वेळी जहाज उभं राहिलं, पण विचित्र झटके देत डोलू लागलं. दादांनी मनातल्या मनात आकडे मोजले. "तीन-चार आकड्यांत परत येतंय. अशाने डोलकाठी मोडेल." मुलाने सूत्र काढलं: जहाजाची रुंदी गुणिले ०.८, भागिले स्थैर्याच्या उंचीचं वर्गमूळ, की एका डोलण्याचे सेकंद मिळतात. स्थैर्याची उंची दोन मीटर धरली तर पावणेचार सेकंद, एक मीटर धरली तर सव्वापाच. म्हणजे सगळंच वजन तळाला टाकलं की जहाज बुडत नाही, पण गचके देतं. थोडा माल वर आणला, डोलणं सव्वापाच सेकंदांवर आलं. दादा म्हणाले, "आता कुणाला तरी डुलकी लागेल." ('ज्युएल'चीही डोलकाठी वाटेत श्रीलंकेतल्या गॅल बंदरात बदलावी लागली होती, हे मुलाने नंतर सांगितलं.)

दुसऱ्यांदा जहाज बुडालं ते वळवताना. मुलाने स्कूटर वळवावी तसं ते थेट वाऱ्याच्या तोंडावर वळवलं. वारा शिडात उलट्या बाजूने भरला, आणि खेळ संपला. अब्बा इतके हसले की त्यांना ठसका लागला. मी पाणी घेऊन धावले. "अरे, वाऱ्याला पाठ देऊन फिरायचं. लांबचा फेरा पडतो, पडू दे." त्यांची फत्तेमारी तिरक्या शिडाची, हे जहाज चौकोनी शिडाचं, तरी या बाबतीत दोघांची खोड एकच. त्यांनी ते हाताने दाखवलं. शीड कधी ढिलं सोडायचं, सुकाणू कधी दाबायचं. ते हात मी पंधरा वर्षं तसबीहवरच फिरताना पाहिले होते.

शेवटी जहाज नीट चाललं. आम्ही तिघं पाहत होतो. मुलाने अभिमानाने विचारलं, "दादा, आता काय कमी आहे?"

"पाणी कोण उपसतंय?"

शिवलेलं जहाज झिरपतं. दोरी भिजून फुगली की गळती कमी होते, थांबत नाही. पॅरिसच्या राष्ट्रीय ग्रंथालयात अल-हरीरीच्या 'मकामात'ची १२३७ सालची सचित्र प्रत आहे. त्यातल्या जहाजाच्या चित्रातही माणसं पाणी उपसताना दिसतात. मुलाने ते चित्र काढून दादांना दाखवलं. त्यांनी बराच वेळ पाहिलं आणि त्यातल्या एका उपसणाऱ्यावर बोट ठेवून म्हणाले, "पहिल्या वर्षी माझं काम हेच."

सुट्टी संपायला आठ दिवस होते. त्या आठ दिवसांत मुलाने तळात पाणी हळूहळू चढेल, जहाज जड होत जाईल आणि उपसलं नाही तर वळायला कुरकुर करेल, अशी सोय केली. दर किती वेळाने किती घागरी, तो आकडा अब्बांनी सांगितला.