कुत्रा महिना झाला तरी लंगडतोय? आपली गोळी देऊ नका, आधी व्हिडिओ काढा

दारव्ह्याला आमच्या घरी शेरू आहे. गावठी, चार वर्षांचा, २२ किलोंचा. मोतीबाग स्टेशनकडे, जिथून आता शकुंतला धावत नाही, तिथं त्याचं रोजचं हुंदडणं. दिवाळीनंतर एक दिवस तो मागचा डावा पाय टेकवेना. ‘होते बरं दोन दिवसांत,’ बाबा फोनवर म्हणाले. दोन दिवसांत खरंच बरा झाला. मग पुन्हा लंगडला. पुन्हा बरा. असं करत पाच आठवडे गेले. हळद-तेल झालं, मिठाच्या गरम पाण्याचा शेक झाला आणि शेवटी बाबांनी स्वतःची गुडघेदुखीची गोळी पोळीत घालून दिली. दुसऱ्या दिवशी उलट्या, तिसऱ्या दिवशी डांबरासारखी काळी शी. पाय राहिला बाजूला, जिवावरच बेतलं.

शेरू वाचला. पण हे अनेक घरांत होतं, म्हणून गोळीपासूनच सुरुवात करू.

माणसाची गोळी कुत्र्याला का चालत नाही?

आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक या गोळ्या कुत्र्याच्या पोटात अल्सर करतात आणि मूत्रपिंड निकामी करू शकतात. काळी शी म्हणजे आतून रक्त जातंय. पॅरासिटामॉलही यकृताला घातक ठरू शकतं. (डायक्लोफेनॅकच्या जनावरांसाठीच्या वापरावर देशात २००६ पासून बंदी आहे. ती मात्र गिधाडांमुळे. औषध दिलेली मेलेली गुरं खाऊन गिधाडं मरत होती.) मेलॉक्सिकॅम कुत्र्यांना देतात, पण वजनावर मोजून आणि पशुवैद्यानं सांगितलं तरच. त्यासोबत स्टिरॉइड गेलं तर पुन्हा तोच धोका.

दुसरी अडचण कमी बोलली जाते. गोळीनं दुखणं थांबलं की कुत्रा पळतो आणि अर्धवट फाटलेलं पूर्ण फाटतं.

नेमका कुठला पाय?

सोपा वाटणारा हा प्रश्न घरोघरी चुकतो. कुत्र्याच्या वजनाचा साधारण ६० टक्के भार पुढच्या दोन पायांवर आणि ४० टक्के मागच्या दोन पायांवर असतो. पाय दुखला की तो भार दुसरीकडे ढकलतो आणि आपण भलताच पाय चोळत बसतो.

मोबाइलचा स्लो मोशन इथं कामाला येतो. सपाट, कडक जमिनीवर कुत्र्याला दोरीनं हळू पळवा. समोरून, मागून आणि बाजूनं व्हिडिओ घ्या. पुढचा पाय दुखत असेल तर तो टेकताना डोकं वर उचललं जातं आणि चांगला पाय टेकताना खाली जातं. मागचा दुखत असेल तर त्या बाजूचं पुठ्ठं दुसऱ्यापेक्षा जास्त वर-खाली होतं. हा व्हिडिओ डॉक्टरांना दाखवायला जपून ठेवा. दवाखान्यात गेल्यावर भीतीपोटी कितीतरी कुत्री अगदी सरळ चालतात आणि तुम्ही खोटे पडता.

आधी पंजा, मग गोचीड

पाय कळला की पंजा बघा. आपल्याकडे बाभळीचा, बोरीचा काटा, गोखरू, पराटी उपटल्यावर राहिलेली धसकटं, तुटलेलं नख. गवताचं कुसळ तर बोटांच्या बेचक्यातून कातडीत शिरतं आणि आत सरकत जातं. बाहेर फक्त एक ओलसर भोक दिसतं आणि कुत्रा ते सतत चाटत राहतो. हे तपासताना तोंडाला मऊ पट्टी बांधा, दुखणारा कुत्रा घरच्यांनाही चावतो. चावलाच तर जखम साबण लावून वाहत्या पाण्याखाली १५ मिनिटं धुवा आणि रेबीजच्या लसीसाठी त्याच दिवशी सरकारी दवाखाना गाठा.

लंगडणं जागा बदलत असेल, म्हणजे आज हा पाय, चार दिवसांनी तो, आणि सोबत ताप, खाणं कमी, हिरड्या फिक्या किंवा नाकातून रक्त, तर दुखणं पायाचं नसण्याची शक्यता मोठी. गोचिडांतून येणारा एर्लिकिया सांधे सुजवतो. रक्ततपासणीत प्लेटलेट कमी दिसतात. साधारण चार आठवडे डॉक्सिसायक्लिन द्यावं लागतं. चार दिवसांत कुत्रा खेळायला लागतो, म्हणून लोक औषध थांबवतात. तिथंच गणित बिघडतं.

शेरूचं काय होतं?

त्याला आधी गावातच पशुवैद्याला दाखवलं, मग कारंजा-मूर्तिजापूरमार्गे अकोल्याला नेलं. निदान झालं ते गुडघ्याचं. फुटबॉलपटूंचा जो एसीएल फाटतो, तोच दोरखंडासारखा लिगामेंट कुत्र्यालाही असतो. नडगीच्या हाडाचा वरचा पृष्ठभाग मागच्या बाजूला उतरता असतो. पायावर भार आला की मांडीचं हाड त्या उतारावरून मागे घसरू पाहतं. त्याला धरून ठेवणारा दोर हा लिगामेंट. (मेकॅनिकलच्या तिसऱ्या सेमिस्टरला हे उदाहरण कुणी दिलं असतं तर माझा एक विषय राहिला नसता.) कुत्र्यात तो बहुधा एका झटक्यात तुटत नाही, हळूहळू झिजतो. म्हणूनच ते बरं होणं-लंगडणं-बरं होणं.

एक्स-रेमध्ये लिगामेंट दिसत नाही, सांध्यात भरलेलं पाणी दिसतं. खरी परीक्षा डॉक्टरांच्या हाताची. नडगी ड्रॉवरसारखी पुढे सरकते का ते बघतात. त्यासाठी भूल लागू शकते, तेव्हा उपाशी न्यायचं का हे आधी विचारा. बसताना दुखरा पाय बाहेर काढून बसणं ही घरी दिसणारी खूण.

लहान चणीच्या, १५ किलोंच्या आतल्या कुत्र्यांपैकी बरेच विश्रांतीवर सावरतात. त्याहून जड कुत्र्यांना बहुतेक वेळा शस्त्रक्रिया सुचवतात. त्यातल्या एका पद्धतीत हाड कापून तो उतारच कमी केला जातो. शेरूचा लिगामेंट अर्धवट फाटलेला निघाला. डॉक्टरांनी आठ आठवडे दिले, नाही जमलं तर ऑपरेशन.

आठ आठवडे म्हणजे नेमकं काय?

सगळ्यात अवघड भाग हाच. कुत्र्यापेक्षा घरच्यांसाठी. ‘विश्रांती’ म्हणजे अंगणात मोकळा सोडणं नव्हे. शी-शूसाठी पाच मिनिटं, तेही दोरीनं. ओट्यावर उडी नाही, जिना नाही, स्कूटरवर चढणं नाही, मांजरामागं पळणं नाही. घरात फरशी आहे, तिथं पाय घसरतो. आईनं बारदानं आणि जुनी सतरंजी अंथरली. तिसऱ्या आठवड्यात कुत्रा ठणठणीत दिसतो आणि बाबांसारखी माणसं म्हणतात, ‘आता सोड न बे त्याले.’ सोडू नका.

वजन उतरवणं हे निम्मं औषध आहे. घरच्या काट्यावर आधी कुत्र्याला उचलून उभं राहा, मग एकटे. वजाबाकी करा. शेरूचा दुपारचा दूध-भात बंद झाला, पोळ्या मोजून.

चौथ्या आठवड्यापासून डॉक्टरांना विचारून हळू चालणं वाढवलं. हळूच चाललं की दुखरा पाय टेकावाच लागतो, पळताना तो तीन पायांवर निभावतो. सोबत बस-ऊठ, दिवसातून थोडी थोडी. आणि शिंप्याची टेप. दोन्ही मांड्यांचा घेर दर पंधरा दिवसांनी, एकाच जागी मोजायचा. न वापरलेल्या पायाचं मांस पटकन उतरतं. ते परत येतंय का, हे ‘बरा दिसतोय’पेक्षा टेप खरं सांगते.

एकाचा गुडघा गेला की पुढच्या काही वर्षांत जवळपास निम्म्या कुत्र्यांचा दुसराही जातो. त्यामुळे वजनाचं पथ्य कायमचं.

थांबायचं नाही, अशा वेळा

पाय ओढत नेतोय किंवा पंजा उलटा पडतोय तर ते लंगडणं नाही, नसेचं किंवा कण्याचं दुखणं आहे. त्याच दिवशी दाखवा. मोठ्या जातीच्या म्हाताऱ्या कुत्र्याचं लंगडणं वाढतच असेल तर हाडाच्या गाठीसाठी एक्स-रे हवा. लॅब्रॅडॉर, जर्मन शेफर्डच्या पिल्लांत खुब्याचा सांधा जन्मापासून सैल असू शकतो. त्यांना मनानं कॅल्शियम पाजू नका, मोठ्या जातीत जादा कॅल्शियम हाडं बिघडवतं.

तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात पहिली तपासणी होते. पुढे यवतमाळचं जिल्हा पशुवैद्यकीय सर्वचिकित्सालय आहे. अवघड हाडा-सांध्यांसाठी अकोल्याची पदव्युत्तर पशुवैद्यक संस्था किंवा १९५८ पासूनचं नागपूर पशुवैद्यकीय महाविद्यालय. दोन्ही माफसू विद्यापीठाची. १९६२ हा टोल-फ्री क्रमांक फिरत्या पथकाचा, मुख्यतः गाई-म्हशींसाठी. तरी जवळचा डॉक्टर कोण, हे विचारायला हरकत नाही.

शेरूचे सात आठवडे झालेत. वजन २२ वरून १९.५. डावी मांडी उजवीपेक्षा तीन सेंटिमीटर बारीक होती, परवा आईनं मोजली तेव्हा फरक एकाचा. बसताना पाय अजून थोडा बाहेरच काढतो. पुढच्या सोमवारी अकोल्याला फेरतपासणी आहे.