लाल दिवा लागला म्हणून बॅटरी बदलू नका

भाजी, पापड, दूध बाजाराला न्यायला आपल्यातल्या काही गटांनी आता लहान चारचाकी घेतली आहे. आज तिच्यातल्या एका दिव्याविषयी बोलू या. चावी फिरवली की स्टेअरिंगसमोर बॅटरीचं छोटं लाल चित्र उजळतं. इंजिन सुरू झालं की ते विझायला हवं. चालत्या गाडीत ते पेटलं की कुणीतरी म्हणतंच, "बॅटरी गेली ताई, नवी टाका." गटाचे काही हजार रुपये जातात आणि दिवा पुन्हा आहेच.

कारण तो दिवा बॅटरी बिघडली असं सांगत नाही, बॅटरीत वीज भरली जात नाही असं सांगतो. वीज भरतो अल्टरनेटर. पुष्कळ जण त्याला डायनामोच म्हणतात. इंजिन त्याला पट्ट्यानं फिरवतं. पिठाच्या गिरणीचा पट्टा घसरला की जातं मंदावतं ना, तसंच इथं.

काही गाड्यांत हाच पट्टा इंजिन थंड ठेवणारा पाण्याचा पंपही फिरवतो. म्हणून दिव्याबरोबर तापमानाचा काटा वर चढताना दिसला, तर गाडी लगेच कडेला घेऊन बंद करा. बाजार चुकला तरी चालेल, इंजिन जळलं तर परवडणार नाही. काटा जागेवर असेल तर टेप, पंखा बंद करून जवळचं गॅरेज गाठा. वाटेत इंजिन बंद करू नका, पुन्हा सुरू होईलच असं नाही.

घरी आधी इंजिन बंद ठेवून बघायचं. पट्टा तुटलाय, चिरलाय की सैल आहे? बॅटरीच्या टोकांवर पांढरा-हिरवट थर साचलाय? वायर हलते? एवढ्यावरही दोष सापडू शकतो.

मग मल्टीमीटर. साधा मीटर काही शे रुपयांत मिळतो, दोन-तीन गटांत मिळून एक पुरतो. तो डीसी व्होल्टवर लावा, लाल तार अधिकला, काळी उण्याला. गाडी रात्रभर बंद असेल तर भरलेली बॅटरी साधारण 12.6 दाखवते. इंजिन सुरू केल्यावर आकडा 13.5 ते 14.5 च्या आसपास जायला हवा. बारावरच राहून खाली उतरत गेला, तर वीज भरली जात नाही. पंधराच्या वर गेला, तर रेग्युलेटर बिघडलाय, तो चांगली बॅटरीही खराब करतो. सुरू इंजिनाजवळ पदर, वेणी, ओढणी आवरून घ्या, आणि हातातल्या बांगड्या काढूनच मीटर धरा.

हे आकडे गाडीच्या वहीत लिहून गॅरेजला जा. अल्टरनेटर बदलायला सांगितला तर आधी विचारा, नुसते कार्बन किंवा रेग्युलेटर बदलून भागेल का? पुष्कळदा भागतं, आणि खर्च बराच कमी येतो. इंजिन सुरू असताना बॅटरीची वायर काढून तपासायची जुनी रीत मात्र करू देऊ नका, आताच्या गाड्यांतली इलेक्ट्रॉनिक यंत्रणा त्यानं जळू शकते. काम झाल्यावर पैसे देण्याआधी मीटर पुन्हा लावून घ्या.