हाली, कलदार आणि हेल्व्हेशिया

लोहा-कंधार भागातल्या एखाद्या जुन्या घरात लोखंडी पेटीच्या तळाशी काळवंडलेला चांदीचा रुपया सापडतो. त्यावर राजाचा चेहरा नाही, चारमिनार आहे. मधल्या कमानीत एक बारीकसं उर्दू अक्षर दिसतं. ते ‘मीम’ असेल तर नाणं सहावे निजाम महबूब अली खान यांच्या काळातलं, ‘ऐन’ असेल तर शेवटचे निजाम उस्मान अली खान यांच्या. हाच तो हाली सिक्का.

पैनगंगा ओलांडून उमरखेडला गेलं की वऱ्हाड लागायचं आणि तिथे इंग्रजांचा कलदार चालायचा. सात हाली मोजले की सहा कलदार मिळत, असा साधारण भाव होता. सप्टेंबर १९४८ मध्ये निजामाचं राज्य भारतात सामील झालं आणि पुढच्या काही वर्षांत हाली चलनातून गेला. माणसं तिथेच, शेतं तीच, रुपया मात्र बदलला. देशाची सीमा म्हणजे काय, हे मुलांना समजावायला याहून चांगलं साधन नाही.

एकदा नाणी वाचायची गोडी लागली की परदेशी नाणीही बोलू लागतात. आखातात कामाला गेलेला शेजारी संयुक्त अरब अमिरातीचे पन्नास फिल्स घेऊन येतो. सात कडांच्या त्या नाण्यावर तेलविहिरींचे तीन मनोरे आहेत. नांदेडच्या हुजूर साहिबला कॅनडाहून भाविक येतात. त्यांच्याकडच्या पाच सेंटवर बीव्हर नावाचा प्राणी दिसतो. याच्याच कातड्यांच्या व्यापारासाठी युरोपीय लोक कॅनडाच्या जंगलांत आत-आत शिरले होते. आइसलँडच्या एक क्रोनावर कॉड मासा आहे, कारण त्या बेटाचं पोट समुद्रावर चालतं.

काही नाणी कोडं घालतात. ‘हेल्व्हेशिया’ असं लिहिलेलं नाणं हाती घेऊन अ‍ॅटलास धुंडाळला, तर त्या नावाचा देश सापडत नाही. तो स्वित्झर्लंड. तिथे चार राष्ट्रभाषा. एकीतलं नाव घेतलं तर बाकीच्या तिघी मागे पडायच्या, म्हणून नाण्यावर जुनं लॅटिन नाव. नेपाळच्या नाण्यावरचं साल तर लोह्यातलं पोर सहज वाचतं, कारण ते देवनागरीत असतं. पण आकडा २०६४! नाणं अजून पाडायचंच आहे की काय? मग विक्रम संवत समजावून सांगावा लागतो: त्यातून ५७ वजा केले की २००७.

या छंदासाठी पैसे खर्चायची गरज नाही. शेजाऱ्याचं किंवा कॅनडाच्या भाविकाचं नाणं दहा मिनिटं मागून घ्यावं, वर पातळ कागद धरून पेन्सिल आडवी फिरवावी. आधी काठ उमटतो, मग शेपूट, मग अख्खा बीव्हर. तो कापून भिंतीवरच्या नकाशात कॅनडावर चिकटवायचा, आणि नाणं ज्याचं त्याला परत.