दुसऱ्या अल्बमची खोली

१३ फेब्रुवारी १९७० रोजी बर्मिंगहॅमच्या कामगार वस्तीतल्या चार पोरांचा ‘ब्लॅक सॅबथ’ हा पहिला अल्बम बाजारात आला. त्यानंतर महिनाभराने, १७ मार्च १९७० रोजी, इकडे सिडकोची स्थापना झाली. पहिल्या घटनेला हेवी मेटलचा जन्म मानतात, दुसरीतून नवी मुंबई उभी राहिली. दोन्हींचा एकमेकींशी काडीचा संबंध नाही. पण नेरुळला सिडकोच्या इमारतीत वाढलेल्या आणि दप्तरात मेटलच्या कॅसेटी लपवून नेणाऱ्या माझ्यासारख्याला हा योगायोग अजून गुदगुल्या करतो.

२०२५च्या जुलैत, ५ तारखेला, सॅबथचा गायक ऑझी ऑस्बोर्न बर्मिंगहॅमच्या व्हिला पार्कवर सिंहासनासारख्या खुर्चीत बसून शेवटचं गायला आणि २२ तारखेला गेला. त्या आठवड्यात मी ‘पॅरानॉइड’ पुन्हा काढून ऐकला. हा सॅबथचा दुसरा अल्बम. पहिला साधारण एका दिवसात ध्वनिमुद्रित झालेला, आणि हा त्याच वर्षीच्या सप्टेंबरात हजर. लांबी कमी भरतेय म्हणून घाईघाईत एक गाणं रचलं गेलं, तेच ‘पॅरानॉइड’. अल्बमचं ठरलेलं नाव होतं ‘वॉर पिग्ज’. कंपनीने ते बदलून या भरतीच्या गाण्याचं नाव दिलं. म्हणजे मेटलच्या इतिहासातला हा सर्वांत गाजलेला दुसरा अल्बम कंपनीच्या घाईचं अपत्य आहे. त्याला कलावंताची परिपक्वता वगैरे म्हणायचं असेल तर म्हणा.

आणि त्या आवाजाचं मूळ तर कारखान्यातच. गिटारवादक टोनी आयोमी पत्र्याच्या कारखान्यात कामाला होता. वय सतरा, नोकरीचा शेवटचा दिवस, आणि यंत्रात उजव्या हाताच्या दोन बोटांची टोकं गेली. तो डावखुरा, त्यामुळे तारा दाबायचा हात उजवा. त्याने प्लास्टिकची बाटली वितळवून बोटांना टोपणं केली, वरून चामडं लावलं, हलक्या तारा वापरल्या आणि पुढे त्या सैलही सोडल्या. सैल तारेचा जड, ओथंबलेला सूर आज जगभरचे बँड हौसेने काढतात. आयोमीला तो दुखऱ्या बोटांनी काढायला लावला. ठाणे-बेलापूर रस्त्यावरच्या कंपन्यांत आठ तास मशीनवर उभं राहिलेल्या कुणालाही ही गोष्ट सांगा, तो आधी विचारतो, “भरपाई किती मिळाली?”

बँडचा आवाज पहिल्या अल्बमपासून दुसऱ्यापर्यंत का बदलतो, हा प्रश्न मला वीसेक वर्षं छळतोय. समीक्षक ‘प्रगल्भता’ असं उत्तर देऊन मोकळे होतात. माझा त्या शब्दावर विश्वास नाही. मला प्रत्येक वेळी त्यामागे एखादी खोली दिसते, नोकरी दिसते, विकत घेतलेलं किंवा चोरीला गेलेलं यंत्र दिसतं. मेटॅलिकाचंच बघा. ‘किल ’एम ऑल’ १९८३चा, दुसरा ‘राइड द लायटनिंग’ १९८४चा. मधल्या काळात बोस्टनला त्यांचं सामान चोरीला गेलं, त्यात जेम्स हेटफिल्डचा मनाजोगता बनवून घेतलेला मार्शल अँप्लिफायरही गेला. कोपनहेगनला फ्लेमिंग रासमुसेनच्या स्टुडिओत उसने अँप्लिफायर जमवून तो आवाज पुन्हा शोधावा लागला. हॉटेलला पैसे नव्हते, म्हणून पोरं स्टुडिओतच झोपायची. त्यातून गिटारला वजन आलं, एक संथ, उदास गाणंही आलं, आणि जुन्या चाहत्यांनी बोंब ठोकली की हे मऊ पडले.

पश्चिमेत दुसऱ्या अल्बमचं दुखणं घाईचं. पहिल्यासाठी जन्मापासूनचा सगळा वेळ मिळालेला असतो, दुसऱ्यासाठी कंपनी देईल तेवढाच. आपल्याकडे दुखणं नेमकं उलटं. कंपनी मुळातच नाही, त्यामुळे कुणी तगादा लावत नाही. पाच-सात वर्षं सहज जातात. तेवढ्यात ड्रमर एमएस करायला अमेरिकेला गेलेला असतो, बासवाल्याचं लग्न झालेलं असतं आणि गिटारवाला पुण्याच्या आयटी पार्कात रात्रपाळी करत असतो. मुंबईचा ‘सेप्टर’ हा बँड १९९८ पासून वाजवतोय. स्त्रियांवरच्या अत्याचारांवर बेतलेला त्यांचा ‘एज ऑफ कॅलॅमिटी’ यायला २०१३ उजाडलं.

या सगळ्यात मला सर्वांत बोलकं वाटतं ते ‘डेमॉनिक रिझरेक्शन’चं प्रकरण. साहिल मखिजा या मुंबईच्या पोराने २००० साली बँड काढला तेव्हा तो नुकता शाळेच्या वयातून बाहेर पडला होता. टोपणनाव ‘डेमनस्टीलर’, आणि त्याच वर्षी आलेल्या पहिल्या अल्बमचं नावही तेच. दुसरा, ‘अ डार्कनेस डिसेंड्स’, २००५चा. मधल्या पाच वर्षांत काय झालं? साहिलने स्वतःचं लेबल काढलं, स्वतःचा स्टुडिओ उभारला. इंटरफेस, संगणक, माइक आणि रात्र-रात्र जागायची तयारी, एवढ्यावर तो चालायचा. पहिल्यात आवडत्या परदेशी बँडांची छाया जागोजागी जाणवते. दुसऱ्यात रचना लांबतात, कीबोर्ड चर्चमधल्या ऑर्गनसारखा मागे पसरतो, डबल बेसचा मारा चालू असताना मधेच स्वच्छ सुरातलं गाणं येतं आणि पुन्हा गुरगुराट त्याला गिळून टाकतो.

हा गुरगुराट म्हणजे घसा फाडून ओरडणं, असं बहुतेकांना वाटतं. तसं केलं तर दोन गाण्यांत आवाज बसेल. ग्राउल करणारा गायक स्वरतंतूंच्या वरच्या पडद्यांना थरथरवतो, श्वास पोटातून सोडतो आणि गळा शक्य तितका सैल ठेवतो. रियाज लागतो. आपल्याकडे तो करायचा कुठे, हा प्रश्न आहे. वाशीच्या एका वनरूम किचनमध्ये उशीत तोंड खुपसून रियाज करणारा एक जण मला माहीत आहे.

डेमॉनिक रिझरेक्शनचा तो दुसरा अल्बम पुढे एका त्रयीचा पहिला भाग ठरला. २००७चा ‘बियाँड द डार्कनेस’ हा छोटा ईपी आणि २०१०चा ‘द रिटर्न टू डार्कनेस’ हे पुढचे दोन. तिसरा भाग ‘कँडललाइट’ या परदेशी लेबलने जगभर नेला. त्याच वर्षी बँड ऑस्लोच्या इन्फर्नो महोत्सवात वाजला आणि ‘मेटल हॅमर’ मासिकाचा ‘ग्लोबल मेटल’ पुरस्कारही मिळाला. २०१७ साली ‘दशावतार’ आला, मत्स्यापासून कल्कीपर्यंत एकेका अवताराला एकेक गाणं, भारतीय वाद्यांसह. आता ‘दशावतार’ म्हटलं की माझ्यासारख्याचे कान कुडाळ-सावंतवाडीकडे जातात, तिथला रात्रभर चालणारा खेळ, पायपेटी, झांज, मृदंग. तसलं काही अल्बमात नाही, नसायला हरकतही नाही. वादन बघाल तर ‘दशावतार’ कितीतरी सफाईदार आहे. तरी रात्री एकटं ऐकायला मी २००५चाच लावतो. त्यात खोलीतल्या पोरांचा हट्ट ऐकू येतो, आणि तो सफाईत लपत नाही.

रंगभवन आठवणारी पिढी आता पन्नाशीत पोचली. धोबी तलावचं ते उघडं नाट्यगृह, सेंट झेवियर्सच्या शेजारी. तिथे १९८६ला फरहाद वाडियांनी ‘इंडिपेंडन्स रॉक’ सुरू केला आणि ऑगस्टच्या पावसात भिजत पोरं डोकी हलवू लागली. २०००च्या ध्वनिप्रदूषण नियमांनी रुग्णालय, शाळा-महाविद्यालय आणि न्यायालयाभोवतीची शंभर मीटरची जागा शांतता क्षेत्र ठरवली. आणि रंगभवनाच्या आसपास या तिन्हींची काही उणीव नव्हती. तिथली मोठी गाणी बंद झाली. मेटल छपराखाली आलं. जुहूच्या ‘रॅझबेरी ऱ्हायनॉसरस’मध्ये, पुढे लोअर परळच्या ‘ब्लू फ्रॉग’मध्ये, आणि महाविद्यालयांच्या सभागृहांत. उघड्यावर विरून जाणारा ढोल छपराखाली घुमतो, बास आणि गिटार एकमेकांच्या अंगावर चढतात. त्या काळात मुंबईचे बँड तुटक, कापलेल्या रिफांकडे वळले. एक तडाखा, थांबा, पुन्हा तडाखा. त्याला अमेरिकी मेटलकोअरचा प्रभाव कारण होताच, मी नाकारत नाही. पण माझ्या कानांना त्यात बुटक्या छताचाही हात वाटतो.

याच काळातले ‘स्क्राइब’. त्यांच्या ‘कन्फेक्ट’नंतर २०१० साली ‘मार्क ऑफ तेजा’ आला. तेजा म्हणजे ‘अंदाज अपना अपना’मधला परेश रावल, हे ज्याला सांगावं लागतं त्याने हा अल्बम ऐकूच नये. विश्वेश कृष्णमूर्ती घसा खरवडत ज्याच्यावर जीव ओवाळतो ती गोष्ट म्हणजे पावभाजी. त्याआधी आपले बँड नॉर्वेच्या बर्फाबद्दल गात, तेही मे महिन्याच्या घामात. स्क्राइबने सतार-तबला काही घेतलं नाही, पुराणंही नाहीत. तरी ऐकताना कळतं की हे लोक रात्री अकराला गाडीवर उभे राहून जास्तीचं बटर मागणारे आहेत. त्यांच्या आवाजातला बदल मला तिथे दिसतो, हसण्यात. मेटलमध्ये हसणं फार अवघड असतं.

‘भयानक मौत’ने तर नावातच हसून घेतलं होतं, २००३ पासून. त्यांच्या २००९च्या अल्बमात दोन गायक एकमेकांवर तुटून पडतात आणि राहुल हरिहरनचे ड्रम दोघांना हाकलतात. ‘झिग्नेमा’ या बँडचं नाव शेवाळाच्या एका प्रजातीवरून. २०१०च्या ‘बॉर्न ऑफ युनिटी’नंतर २०१३ला त्यांचं ‘व्हॉट मेक्स अस ह्यूमन इज ऑब्सोलीट’ आलं. नावापासूनच यंत्रासारखं थंड.

‘गटस्लिट’ची तऱ्हा निराळी. ‘स्क्यूअर्ड इन द सूअर’ २०१३चा, दुसरा ‘अँप्यूथिएटर’ २०१७चा. अवयव कापणं आणि रंगमंडल यांची इंग्रजी गाठ मारून केलेलं नाव. काळी पगडी बांधलेला गुरदीपसिंग नारंग बासवर आणि आदित्य बर्वेचा गळा. इथे गाण्यातला एकही शब्द कळत नाही, कळावा अशी अपेक्षाही नाही. ‘ब्रोडक्विन’ हे मध्ययुगात पाय चिरडायच्या उपकरणाचं नाव; त्या नावाचं गाणं इथे आहे, म्हणजे विषयाचा अंदाज यावा. या प्रकारच्या संगीतातला स्नेअर ड्रम पत्र्याच्या डब्यासारखा ठणठणतो, कारण त्याचं कातडं ताशासारखं ताणलेलं असतं. गणपतीत पथकासमोर उभं राहून ताशाची तर्री अंगावर घेतलेल्या माणसाला ब्लास्ट बीट समजावून द्यावा लागत नाही. अडचण गळ्याची असते. एकदा मी घरी हे लावलं तेव्हा आईने बाथरूमचा नळ तपासला होता.

‘मिडहेवन’ने ‘स्पेलबाउंड’नंतर (२०१४) दुसऱ्यासाठी सात वर्षं घेतली. ‘ऑफ द लोटस अँड द थंडरबोल्ट’ २०२१चा. शिव, भैरव आणि तिबेटी परंपरेतल्या उग्र देवता त्यात आहेत, पण मंत्रपठणाच्या सीडीसारखं गुळगुळीत काही नाही. रिफ एकाच जागी घुटमळतो, वाढतो, जड होतो. मला त्यात जत्रेतल्या अंगात येण्याचा ताल दिसला. त्यांना तो अभिप्रेत असेलच असं नाही. दिल्लीच्या ‘ब्लडीवूड’ची वाट याच्या उलट. ‘रक्षक’ २०२२चा, ‘न्यू दिल्ली’ २०२५चा, ढोल पुढे, भांगडा पुढे, महोत्सवातल्या हजारोंनी एकदम उडी मारावी असा सगळा बेत. दुसऱ्या अल्बमात त्यांना आपलं गिऱ्हाईक नेमकं ठाऊक आहे. ऐकायला मजा येते, आश्चर्य मात्र वाटत नाही.

आता आमच्या गावाकडे येतो. नवी मुंबईत डी. वाय. पाटील स्टेडियम आहे, पन्नास हजारांहून जास्त माणसं मावतील एवढं. २०१९ला तिथे यूटू वाजले, २०२५च्या जानेवारीत कोल्डप्लेचे तीन दिवस झाले आणि नेरुळची रिक्षा सोन्याच्या भावाने गेली. मेटलवाल्यांच्या नशिबात मात्र प्रवास. आयर्न मेडन १ फेब्रुवारी २००८ला निदान वांद्रे-कुर्ला संकुलात आले. मेटॅलिकासाठी ३० ऑक्टोबर २०११ला बेंगळुरूच गाठावं लागलं. उद्यान एक्स्प्रेसच्या डब्यात काळ्या टी-शर्टवाल्यांच्या दंग्यात सोलापूरपर्यंत एका काकूंनी आम्हाला दशम्या खिलवल्या आणि टी-शर्टवरच्या सांगाड्याची चौकशी केली.

स्टेडियम पाहुण्यांचं. आमचं संगीत होतं सिडकोच्या भिंतींच्या आत, आणि त्या भिंती शेजारच्याची शिंक पोचवतात. त्यामुळे इथला बँड पहिला अल्बम जवळजवळ मुका करतो. गिटार थेट संगणकात, अँप्लिफायरची नक्कल करणारं सॉफ्टवेअर, हेडफोन. ड्रम माउसने एकेक ठोका टिपून बसवलेले. सगळं घड्याळाच्या टिकटिकीवर, एक ठोका इकडे नाही की तिकडे नाही. ऐकायला झकास, फक्त श्वास नसतो. मग नोकरी लागते, पगार येतो, तासावर मिळणारी जॅम रूम परवडते आणि दुसऱ्या अल्बमात खरा माणूस ड्रमवर बसतो. शेवटच्या कडव्यात लय किंचित पुढे सरकते, कारण त्याला जोर आलेला असतो. हा फरक कुठल्याही परीक्षणात लिहिलेला नसतो.

आमच्या इमारतीत चौथ्या मजल्यावर असा एक पोरगा आहे. दिवसा महापे एमआयडीसीत नोकरी, रात्री ड्रम. पहिला अल्बम त्याच्या बँडने माउसने केला, दुसऱ्यासाठी त्याला हातपायांनी वाजवायचंय. कातड्याच्या जागी जाळी बसवली तेव्हा आवाज गेला, पण डबल पेडलचा हादरा स्लॅबमधून खालच्या घरात उतरतो, आणि सोसायटीच्या सभेत त्यावर दोन वेळा विषय निघाला. उपाय त्याने शोधून ठेवलाय. प्लायवुडच्या दोन फळ्या, खालच्या फळीला भोकं, भोकांत टेनिसचे बॉल, वर दुसरी फळी आणि तिच्यावर ड्रम. हादरा बॉल पिऊन टाकतात. बॉल तीसेक लागतील, नवे घेणं परवडत नाही. म्हणून रविवारी तो मैदानाच्या कडेला उभा असतो, आणि क्रिकेट खेळणारी पोरं टप्पा न घेणारे जुने बॉल त्याच्याकडे फेकतात. परवा मोजले तेव्हा एकोणीस झाले होते.