ब्लिट्झमध्ये २००० वर अडकलात? आधी घड्याळ वाचा

आजच्या भागाचं हे लिखित रूप. ऐकायला वेळ नसेल तर वाचून काढा.

इनबॉक्समध्ये वेगवेगळ्या शब्दांत एकच प्रश्न येतो. लिचेसवर ब्लिट्झ २०००च्या आसपास आहे, टॅक्टिक्स दिसतात, ओपनिंग येतात, पण वर्षभर रेटिंग हलत नाही. अजून जास्त गेम खेळू का? माझं उत्तर आहे, कमी खेळा.

आधी एक उदाहरण, आपल्या नागपूरचं. जुलै २०२५, जॉर्जियातलं बातुमी, महिला विश्वचषकाची फायनल. एका बाजूला १९ वर्षांची दिव्या देशमुख, समोर कोनेरू हम्पी. क्लासिकलचे दोन्ही डाव बरोबरीत सुटले आणि निकाल रॅपिडवर गेला. आता हम्पी म्हणजे तेव्हाची रॅपिडची जगज्जेती, २०१९ आणि २०२४ असं दोनदा जिंकलेली. म्हणजे घड्याळ लहान झालं की पारडं तिच्याकडे झुकायला हवं ना? पहिला रॅपिड डाव बरोबरीत, दुसरा दिव्याने काळ्या मोहऱ्यांनी जिंकला. विश्वचषक आणि थेट ग्रँडमास्टर किताब, दोन्ही त्या एका डावावर. त्याच स्पर्धेत झू जिनर आणि हरिका द्रोणवल्ली यांनाही तिने टायब्रेकमध्येच हरवलं होतं. आणि सेमीफायनलला तान झोंगयीविरुद्ध १०१ चालींचा क्लासिकल डाव ओढून जिंकला होता.

मला तो १०१ चालींचा डाव जास्त महत्त्वाचा वाटतो. घड्याळात सेकंद उरलेले असताना नवीन काही सुचत नाही, आधी मुरलेलं तेवढंच हाताला येतं. आणि मुरवायला वेळ लागतो.

आता जरा हिशोब करू. ३+० मध्ये ६० चालींचा डाव म्हणजे सरासरी ३ सेकंद एका चालीला. तेच ३+२ घेतलं तर प्रत्येक चालीला २ सेकंद परत मिळतात, म्हणजे ६० चालींना एकूण ५ मिनिटं. हा वेगळाच खेळ आहे. ३+० मध्ये हरलेला डाव माऊस जोरात फिरवून फ्लॅगवर जिंकता येतो, आणि आपल्याला वाटतं आपण सुधारलो. शिकायचं असेल तर ३+२ खेळा. जागतिक ब्लिट्झ स्पर्धाही ३+२ वरच होते.

आता माझ्या आवडीचा भाग, डेटा. लिचेस तुमचे सगळे गेम फुकट डाउनलोड करू देतं, आणि त्या फाईलमध्ये प्रत्येक चालीपुढे किती वेळ उरला होता तेही येतं. पायथॉनची 'पायथॉन-चेस' लायब्ररी घ्या. तुमच्या मागच्या चालीनंतरच्या वेळेतून आत्ताची वेळ वजा करा, इन्क्रिमेंट मिळवा, झाला त्या चालीचा विचार. पन्नासेक ओळींचा कोड. कोड येत नसेल तर दहा हरलेले डाव उघडा आणि घड्याळाचे आकडे वहीत उतरवा, तेवढंही पुरतं.

काय शोधायचं? दोन गोष्टी. एक, ज्या चालीला दुसरा पर्यायच नव्हता (समोरच्याने घोडा मारला, तुम्हाला परत मारायचाच आहे) तिथे किती सेकंद गेले. अशा ठिकाणी प्रीमूव्ह लावा. लिचेसवर प्रीमूव्हला शून्य वेळ लागतो, चेस डॉट कॉमवर ०.१ सेकंद. दोन, जिथे डावाचं रूप बदलतं, म्हणजे वजीर मारामारी किंवा मधली प्यादी फुटणं, तिथे तुम्ही थांबलात का? तगडा खेळाडू तिथे १५-२० सेकंद बिनधास्त खर्च करतो. अडकलेला खेळाडू सगळीकडे सारखे ४-४ सेकंद वाटत बसतो, सरकारी रेशनसारखे.

ओपनिंगबद्दल थोडक्यात: पांढऱ्याने एक, काळ्याने दोन, बस्स. नवा व्हिडिओ दिसला म्हणून बदलू नका.

एंडगेमवर मात्र घाम गाळा. फिलिडोरची हत्ती-प्यादं पोझिशन घ्या. बचाव करणारा राजा प्याद्यासमोर, आणि हत्ती समोरच्याच्या बाजूने मोजलेल्या सहाव्या ओळीवर. प्यादं सहाव्या ओळीत आलं की हत्ती सरळ तळाला नेऊन मागून शह देत राहायचं. तत्त्व सगळ्यांना माहीत असतं. पण घड्याळात ८ सेकंद असताना हात तिथे जातो का? स्टॉकफिशविरुद्ध हीच पोझिशन ३० सेकंदांत, इन्क्रिमेंटशिवाय, वाचवून बघा. जमेपर्यंत रोज.

डावांची संख्या मी दिवसाला पाचवर ठेवतो. लागोपाठ दोन हरलो की बंद. रात्री एक वाजता रेटिंग परत मिळवायला बसलेला माणूस बुद्धिबळ खेळत नसतो, जुगार खेळत असतो. हरलेला डाव आधी इंजिनशिवाय बघा, कुठे गडबडलं ते स्वतः बोट ठेवून ठरवा, मग इंजिन लावा.

आणि एक, आमच्या द्रोणागिरीकरांसाठी. उरण लाईन जानेवारी २०२४ मध्ये सुरू झाल्यापासून लोकलमध्ये ब्लिट्झ खेळणारे बरेच दिसतात. नेटवर्क मध्येच दगा देतं आणि घड्याळ काही आपल्यासाठी थांबत नाही. गाडीत पझल सोडवा. रेटेड डाव घरच्या वायफायवर.