लोहाराचा भाता आणि शर्यतीची गाडी



मागच्या महिन्यात मधल्या सुट्टीत नववीच्या वर्गात दोन तट पडले होते. कुणीतरी घरच्या मोबाईलवर एक शर्यत पाहिली होती. एका बाजूला सुपरचार्जर बसवलेली लॅम्बोर्गिनी, दुसऱ्या बाजूला कारखान्यातून निघाली तशीच, म्हणजे 'स्टॉक', फेरारी. "सर, अशी शर्यत न्यायाची म्हणायची का?" असे एका मुलाने मला विचारले. प्रश्न चांगला होता म्हणून उत्तर येथे लिहीत आहे.

या प्रकाराला ड्रॅग रेस म्हणतात. वळण नाही, फेरी नाही. पाव मैल, म्हणजे 402 मीटर सरळ धावायचे. आपल्याकडच्या पटासारखेच. विदर्भात तळेगाव दशासरचा शंकरपट प्रसिद्ध आहे, आणि पट म्हणजे काय हे बालाघाटच्या मुलांना सांगायला नको. लोणावळ्याजवळ अँबी व्हॅलीच्या विमानपट्टीवर गाड्यांच्या अशा शर्यती झालेल्या आहेत.

आता सुपरचार्जर म्हणजे काय? लोहाराचा भाता आठवा. कोळसा तोच, पण भाता मारला की लोखंड लाल होते, कारण हवा जास्त मिळते. इंजिनातही पेट्रोल हवेशिवाय जळत नाही. साधे इंजिन आपल्या श्वासाने जेवढी हवा ओढेल तेवढीच घेते. सुपरचार्जर हा इंजिनाच्याच पट्ट्यावर फिरणारा पंप आहे. तो हवा दाबून आत कोंबतो. (माझे विज्ञान हिंदी माध्यमातून झाले. तिथे 'संपीडन' पाठ केले होते. 'कोंबणे' म्हटल्यावर मला स्वतःला जास्त कळले.) भरवेलीहून मँगनीज नेणारे ट्रक चढावर शिट्टी मारल्यासारखा आवाज करतात, तो याच्या भावाचा, टर्बोचा. टर्बो धुराच्या जोरावर फिरतो, म्हणून त्याला जोर धरायला क्षणभर लागतो. सुपरचार्जरला तसे थांबावे लागत नाही.

हिशेब करून पाहू. लॅम्बोर्गिनी गल्लार्दो एलपी 560-4 चे इंजिन 5.2 लिटरचे, ताकद 560 अश्वशक्ती. फेरारी 458 चे 4.5 लिटरचे, ताकद 570. म्हणजे दोन्ही स्टॉक असतील तर फेरारी किंचित वरचढ. आता लॅम्बोर्गिनीत एक तृतीयांश जास्त हवा कोंबली, तर कागदावर साडेसातशेच्या जवळ जाते. प्रत्यक्षात तेवढी मिळत नाही. पंप फिरवायला इंजिनाचीच ताकद खर्च होते, आणि दाबलेली हवा तापते. सायकलच्या पंपाचे तोंड बोटाने दाबून दहा-बारा वेळा मारा, नळी हाताला गरम लागेल. हवा फार तापली तर पेट्रोल वेळेआधी पेटते आणि पिस्टन फुटू शकतो.

ताकद असली म्हणजे शर्यत जिंकलीच असेही नाही. सुटताना टायरने रस्ता धरला पाहिजे, नाहीतर चाके जागीच फिरतात. त्या लॅम्बोर्गिनीची चारही चाके ओढतात, फेरारीची मागची दोनच. शिवाय घड्याळ गाडी हलल्यावर सुरू होते, दिवा हिरवा झाल्यावर नव्हे. त्यामुळे कमी वेळात धावलेली गाडीही हरू शकते, जर चालक झोपेत असेल!

तेव्हा त्या मुलाला माझे उत्तर असे: शर्यत खोटी नाही, पण ती गाडी कोणती चांगली हे सांगत नाही, वरून जोडलेल्या पंपाने किती फरक पडला एवढेच सांगते. पटातही वरून जोडण्याचे प्रकार झाले. बैलाला टोचणी, विजेचा झटका. 7 मे 2014 ला सर्वोच्च न्यायालयाने या शर्यती बंद केल्या, त्या अशाच छळामुळे. महाराष्ट्राने 2017 मध्ये कायदा बदलला आणि 18 मे 2023 ला घटनापीठाने तो मान्य केला, परंतु छळाला बंदी कायम आहे. इंजिन फुटले तर पैसे जातात. बैलाचे तसे नाही.

पालकांसाठी एक हिशेब आणखी. अशी गाडी 402 मीटर अकरा सेकंदांच्या आसपास कापते आणि शेवटी ताशी 200 किलोमीटरच्या वर असते. त्या वेगात चांगल्या टायरवर, कोरड्या डांबरावरही थांबायला दीडशे मीटरहून जास्त लागतात, आणि ब्रेकवर पाय जाईपर्यंतच्या एका सेकंदात पंचावन्न मीटर गेलेले असतात. म्हणून या शर्यती बंद पट्टीवर होतात. आपली मुले मात्र सायंकाळी गोंदिया रोडवर मोटारसायकली शेजारी लावतात. समोरून भाजीवाली येते, गाय येते. 2019 च्या दुरुस्तीनंतर अल्पवयीन मुलाने गाडी चालवून गुन्हा केला तर पालकाला 25,000 रुपये दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते, आणि त्या मुलाला 25 वर्षांचा होईपर्यंत परवाना मिळत नाही.

सध्या शाळेच्या सायकल स्टँडवर रोज पाच-सहा मोटारसायकली उभ्या असतात. त्या कुणाच्या आहेत हे मला माहीत आहे, पालकांनाही माहीत आहे. विश्वस्त मंडळाच्या पुढच्या बैठकीत हा विषय मी पहिल्या क्रमांकावर ठेवला आहे.